माझ्या न झालेल्या लग्नाची पत्रिका

माझं लग्न आयुष्यात एकदाच जमलं, तेही एका सकाळपुरतं आणि मोबाईलवर. मला स्वतःला ते अभिनंदनाच्या फोनवरून कळलं. तेव्हा मी पंचेचाळिशीला टेकले होते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना अकाउंट्स शिकवत होते, आजही तेच करते. लग्न हा विषय आमच्या घरातून कधीच हद्दपार झाला होता. नातेवाइकांच्या डोक्यातून तो गेला नव्हता, हे मला त्या सकाळी समजलं.

पण आधी बाबांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्या मंगलाष्टकांपासून सुरू होतं.

बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते. नोकरीत त्यांना कुणी फारसं ओळखत नव्हतं. ओळखायचे ते लग्नात. आमचं मूळ गाव गडमुडशिंगी, आणि तिथल्या आमच्या भावकीत बाबांच्या मंगलाष्टकांशिवाय अक्षता पडत नसत. गुरुजी आपली दोन कडवी म्हणायचे आणि माईक बाबांच्या हातात द्यायचे. आवाज चांगला होता, पण आवाज पुष्कळांचा चांगला असतो. बाबांची खासियत अशी की ते प्रत्येक लग्नासाठी नवं कडवं रचायचे. त्यात नवरा-नवरीचं नाव, दोन्ही गावं, जमलं तर आजी-आजोबाही. कडवं शार्दूलविक्रीडितात चोख बसलंच पाहिजे. नाव आडमुठं निघालं की बाबा दोन-दोन दिवस बोटांवर लघु-गुरू मोजत जिन्यात येरझाऱ्या घालायचे. हल्लीच्या पोरींची दोन-दोन अक्षरी नावं त्यांना मुळीच आवडायची नाहीत, ती वृत्तात टिकत नाहीत म्हणून. त्यामुळे पत्रिका हातात पडली की ते मुहूर्त बघत नसत, कार्यालय बघत नसत. आधी नावं.

दर लग्नात कुणीतरी म्हणायचंच की जगाच्या पोरी उजवता, घरचीच तेवढी राहिली बघा. बाबा हसायचे. मी हसत नसे, आणि मग लोक म्हणायचे की हिला चेष्टा कळत नाही.

आई गेल्यावर बाबांना मोबाईल मीच शिकवला. पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याशी बोलायचं नाही, ओटीपी देवालाही सांगायचा नाही, अनोळखी नंबरवरून आलेलं काही उघडायचं नाही. बाबांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की वीजबिलाच्या नावानं फोन करणाऱ्या एका भामट्याला त्यांनी पंधरा मिनिटं जिल्हा परिषदेच्या भाषेत झापलं होतं. त्या दिवशी मी निर्धास्त झाले. माझा बाप आता फसणार नाही असं मला वाटलं.

पत्रिका अनोळखी नंबरवरून आली नाही. ती माझ्या चुलत भावाच्या नंबरवरून आली. हा भाऊ म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. गावात त्याचं खत-बियाणांचं दुकान आहे, चार माणसांत वजन आहे. त्याच्या मुलीसाठी गगनबावड्याकडचं एक स्थळ बघणं चालू होतं आणि ते सगळ्या भावकीला ठाऊक होतं. सकाळी चहाच्या वेळी मेसेज आला, ‘आमच्या घरच्या कार्याला अगत्य येणेचे करावे’, आणि खाली लग्नपत्रिका म्हणून एक फाईल.

बाबा हरखले. पोरीचं जमलं, आणि पुतण्यानं आधी काकाला कळवलं! त्यांनी फाईल दाबली. फाईलनं विचारलं, मोबाईलमध्ये ॲप बसवून घेऊ का? बाबा होय म्हणाले. तुमचे मेसेज वाचू का? त्यालाही होय. ज्या माणसानं तीस वर्षं ‘वरील सर्व अटी मान्य’ या ओळीखाली लोकांच्या सह्या घेतल्या, तो अटी कशाला वाचतोय? त्याला नवऱ्या मुलाचं नाव हवं होतं. ते काही दिसेना. मग त्यांनी पुतण्याला फोन लावला, की पत्रिका उघडत नाही, तू नुसतं नाव सांग. पुतण्याचा फोन बंद होता. असेल गडबडीत, असं म्हणून बाबा अंघोळीला गेले.

मी क्लासमध्ये होते. पहिला फोन मावशीचा आला. ती रडत होती, आनंदानं. उशिरा का होईना पण देवानं बघितलं, असं काहीतरी म्हणत होती. दुसरा फोन मामेबहिणीचा. मुलगा काय करतो, पहिलेपणाचा आहे की दुसरेपणाचा, आणि पत्रिका उघडत का नाही? तिसऱ्या फोनला मला उलगडा झाला. बाबांच्या व्हॉट्सॲपवरून त्यांच्या मोबाईलमधल्या झाडून सगळ्या नंबरांना तीच पत्रिका गेली होती. आमच्या घरचं कार्य म्हणजे कुणाचं? घरात लग्नाची एकच. सगळ्या गोतावळ्यानं ती फाईल दाबून-दाबून उघडायचा प्रयत्न केला होता. इतर कुणाची पत्रिका असती तर निम्म्यांनी संध्याकाळवर ढकलली असती. माझ्याशी लग्न करायला तयार झालेला माणूस कोण, हे बघायला मात्र कुणालाच दम धरवला नाही.

मी रिक्षानं घरी आले. बाबांचा मोबाईल तापला होता आणि बाबा कागद-पेन घेऊन नाव कळायची वाट बघत बसले होते. मी नेट बंद केलं, बँकेला फोन लावून खातं गोठवायला सांगितलं, सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तोवर बाबांच्या निवृत्तीची ठेव ऑनलाईन मोडून झाली होती आणि पैसे कुठल्या कुठं गेले होते. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं की आपल्या नंबरवरून कुणाकुणाला गेलंय.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. माझा फोन घेतला, आपल्या मोबाईलमधले नंबर मला वाचायला लावले आणि एकेकाला फोन करायला बसले. प्रत्येकाला तेच शब्द. “माझ्या नंबरवरनं पत्रिका आली असंल तर उघडू नका. ती खोटी हाय. मी फसलोय. उघडला असशीला तर आधी नेट बंद करा आणि बँकेला फोन लावा, आत्ताच्या आत्ता.” दुपार अशीच गेली. जेवण झालं नाही. काहींनी आभार मानले. पुष्कळांनी आधी माझं लग्न नाही याची खात्री करून घेतली आणि मग बाकीचं ऐकलं. ज्यांचे पैसे गेले होते त्यांनी बाबांना नको नको ते ऐकवलं. एका आत्यानं भरून द्या म्हणून सांगितलं. बाबा प्रत्येकाला “व्हय, माझी चूक झाली” म्हणत राहिले. मी दोनदा फोन काढून घ्यायला गेले, त्यांनी दिला नाही. एकाचं जरी वाचलं तरी बास, असं ते म्हणाले. वाचलेही बरेच जण. पण काकांमुळे वाचलो, असं त्यातला एकही पुढं कधी बोलला नाही.

दिवेलागणीच्या सुमारास चुलत भाऊ घरी आला. पाणी प्यायला, पंख्याकडं बघत बसला आणि मग त्यानं सांगितलं. त्याला तीच पत्रिका आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडून आली होती. त्याच्याही खात्यातून पैसे गेले होते. त्याच्या नंबरवरून ती पुढं गेली ती बहुतेक दुकानाच्या गिऱ्हाइकांना, आणि नात्यातल्या दोघा-चौघांना. दिसताच त्यानं ते मेसेज सगळ्यांकडून पुसून टाकले आणि मोबाईल बंद करून ठेवला. बाबांना गेलेलाही पुसला होता. मी बाबांचा मोबाईल काढून बघितला. मेसेज पुसल्याची ओळ होती, बाकी काही नव्हतं. पुसताना बाबांनी तो वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसल्या असणारच. त्या वेळी एक फोन केला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं.

मी हे त्याला तोंडावर विचारलं. तो माझ्याकडं न बघता बाबांशी बोलला. पोरीचं जवळजवळ ठरत आलं होतं. पावणे नोकरदार, शिकलेले. नवरीचा बाप असला फसला हे त्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? दुकानाला उधारीवर माल देणारे काय म्हणतील? त्यानं कुठंही तक्रार केली नव्हती आणि करणारही नव्हता. “काका, माझ्या नंबरवरनं आलं हे तेवढं कुठं बोलू नका. पोरीचं वाटोळं हुईल.”

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. न्हाय बोलत, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देताना हवालदारानं विचारलं की फाईल कुठल्या नंबरवरून आली. बाबा म्हणाले, मेसेज पुसला गेलाय. खरंच होतं ते. हवालदारानं पेन खाली ठेवलं, आणि मूळच सांगत नसाल तर आम्ही कुठून शोधायचं, असं म्हणाला. मी बाबांच्या शेजारी बसले होते. माझ्या जिभेवर आलेलं नाव मी गिळलं, कारण बाबांनी घरातून निघताना मला आईची शपथ घातली होती. बँकेतला साहेब तर सरळ म्हणाला की ओटीपी तुमच्याच मोबाईलमधून गेलेत, त्यात बँक काय करणार. काही रक्कम मध्येच कुठल्याशा खात्यात अडकवून ठेवली आहे असं पुढं कळलं. ती आजही अडकलेलीच आहे.

पैशाचं दुःख बाबांनी पचवलं. पेन्शन चालू होती, माझा पगार होता, दोन माणसांना पुरत होतं. त्यांना लागलं ते वेगळंच.

तुळशीची लग्नं झाली आणि मुहूर्त सुरू झाले. दर वर्षी या दिवसांत बाबांचा धोतराचा जोड इस्त्रीवाल्याकडं मुक्कामालाच असायचा. या वर्षी पत्रिका कमी आल्या. आल्या त्या कुणाच्या तरी हाती, उंबऱ्यातून. नावं कळवायला कुणी फोन केला नाही. पहिल्या लग्नात बाबा सवयीनं गुरुजींच्या शेजारी जाऊन उभे राहिले, तर नवऱ्या मुलाचा काका हसत पुढं आला आणि त्यांचा दंड धरून म्हणाला, या वेळी पोरंच म्हणणार आहेत, तुम्ही निवांत बसा. मागून कुणीतरी म्हणालं, काकांच्या हातात माईक नको, सगळ्यांच्या खात्याला अक्षता लागतील. मांडव हसला. पुढच्या लग्नात तोच विनोद दुसऱ्याच्या तोंडून आला. महिन्याभरात त्या फसवणुकीला भावकीत नाव पडलं, ‘काकांची पत्रिका’. आत्याचे पैसे काकांच्या पत्रिकेत गेले. कुणाचा मोबाईल बिघडला तरी काकांची पत्रिका. ज्यानं लपवलं त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्यानं घरोघर फोन करून सांगितलं त्याच्या नावानं ते ओळखलं जाऊ लागलं. मला याचा आजही संताप येतो.

बाबा मात्र एकाच गोष्टीकडं डोळे लावून बसले होते. पुतण्याच्या मुलीचं लग्न गगनबावड्याच्या त्या स्थळाशी ठरलं होतं. त्या मुलीच्या बारशाला बाबांनी पाळणा रचला होता. तिचं मंगलाष्टक आपल्याशिवाय कोण म्हणणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पुतण्यासाठी काय गिळलं होतं ते पुतण्याला तर ठाऊक होतं. मीही, एवढी कडू बाई असूनसुद्धा, मनातून तीच आशा धरून होते.

पत्रिका नात्याच्या व्हॉट्सॲप गटावर आली. चुलत भावानं स्वतः टाकली होती. चांगला फोटो, गणपती, दोघांची नावं. आणि खाली त्यानं लिहिलं होतं, ‘मंडळी, बिनधास्त उघडा, ही काकांच्या मोबाईलवरून आलेली नाही.’ पुढं हसणारी तोंडं. त्याखाली साऱ्या गोतावळ्याची हसणारी तोंडं, एकाखाली एक. आत्याचंही.

मी मोबाईल बाबांना दाखवणार नव्हते. पण त्यांनी आपल्या मोबाईलवर आधीच बघितलं होतं. मी त्यांना म्हटलं की आता तरी मी गटावर खरं लिहिते. बाबा म्हणाले, लग्न तोंडावर आलंय, पोरीचा काय दोष? मग चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “नवऱ्या मुलाचं नाव वाच बघू एकदा. मला बारीक दिसतंय.” मी वाचलं. नाव पाच अक्षरी, आडमुठं. बाबा उठून जिन्यात गेले आणि मला त्यांची चपला घासत चालल्याची चाहूल लागत राहिली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि मला रडू येतं तेव्हा मला स्वतःचाच फार राग येतो.

कडवं चांगलं झालं होतं. त्यात गगनबावड्याचा घाट होता, धुकं होतं, आणि पाच अक्षरी जावई पहिल्याच चरणात सहज बसला होता. बाबांनी ते मला म्हणून दाखवलं नाही, मी बाहेरून ऐकलं.

लग्नाला कोल्हापुरातून गाणाऱ्यांचा संच बोलावला होता. दोन मुली, एक मुलगा, कीबोर्ड. त्यांनी मंगलाष्टका सिनेमातल्या चालींवर म्हटल्या आणि नवरीचं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. कडव्याचा कागद सदऱ्याच्या खिशात होता, पांढऱ्या कापडातून त्याची घडी दिसत होती. शेवटपर्यंत कुणी वळून बघितलं नाही. अक्षता टाकायला सगळे उभे राहिले तेव्हा बाबाही उभे राहिले आणि त्यांनी इतरांसारख्या अक्षता टाकल्या. वयाच्या मानानं त्यांचा नेम चांगला होता, नवरीच्या डोक्यावर पडल्या.

जेवायला बसल्यावर चुलत भाऊ पंगतीत आग्रह करत आला. बाबांना जिलेबी वाढली, मला वाढली, आणि मग बाबांशेजारची खुर्ची ओढून बसला. आवाज खाली घेतला. “काका, बँकेनं तुम्हास्नी काय परत दिलं का ओ? माझं बी लई गेलंय. लग्नाच्या गडबडीत ध्यानच दिलं न्हाय. आता तक्रार केली तर मिळंल का?”

मी हातातला घास खाली ठेवला. बाबांनी तोंडातला संपवला, पाणी प्याले.

“तक्रार त्याच दिवशी करायची असती,” बाबा म्हणाले. “मी केली. म्हणून तर सगळ्यांना कळलं.”

आवाज चढला नव्हता. शेजारच्या पानावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल. चुलत भावानं हातातल्या चिमट्यानं ताटातल्या जिलेब्या उगाच उलट्यापालट्या केल्या. मला वाटलं की आता तरी तो काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल, किंवा उठून माईक घेईल आणि इतकी माणसं जमलीत तोवर एक वाक्य सांगून टाकेल. तेवढ्यात पलीकडून कुणी व्याह्यांनी बोलावलं आणि तो हसत उठला.

आम्ही निघालो तेव्हा तो मांडवाच्या दारापर्यंत पोचवायला आला. बाबांच्या पाया पडला. चारचौघांत, नीट वाकून. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काका, या वेळी जमलं न्हाय, रागावू नका. आमच्या घरच्या पुढच्या लग्नात मंगलाष्टक तुमचंच.”

त्याला ही एकुलती एक मुलगी आहे. ती मागं स्टेजवर नवऱ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती.